मुलगी शुक्रवारी ‘सर्जरी’ला जाते

‘ताई, मी कऱ्हाडची. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आता निवृत्त आहे. मुलगी लंडनला असते, वय ३४. एका बँकेत कॉम्प्युटरचं काम करायची, पगार उत्तम होता. गेल्या वर्षी ती नोकरी सोडून एका खासदाराच्या ऑफिसात लागली, निम्म्याहून कमी पगारावर. खासदार मजूर पक्षातल्या डाव्या गटाचा. ह्यांच्या भाषेत “लाल बावटेवाला”. आता ती म्हणते, पुढे स्वतःच उभं राहायचंय. तेव्हापासून ह्यांनी तिच्याशी बोलणं टाकलंय. परवा शुक्रवारी फोन केला तर म्हणाली, “आई, सर्जरीला निघालेय, रात्री बोलू.” माझ्या पोटात गोळाच आला. रात्री कळलं की ते ऑपरेशन नव्हे, काहीतरी ऑफिसचं काम. ह्यांचं म्हणणं असं, की आपल्यातल्या कुणी असलं काही केल्याचं ऐकिवात नाही, हे लोक जन्मभर विरोधात ओरडत बसतात, देवधर्म सुटलाच असणार, आणि निवडणुकीसाठी पासपोर्टही बदलावा लागेल. याला करिअर म्हणायचं का? तिला परत बोलावू का? कसं बोलावू?’
– एक आई, कऱ्हाड

प्रिय बाई,

शाळेतल्या शिक्षिकेला मी अजूनही बाईच म्हणते, तेव्हा राग मानू नका.

आधी त्या सर्जरीचं. तिकडे डॉक्टरच्या साध्या दवाखान्याला सर्जरी म्हणतात. खासदार मतदारसंघात बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकतो, त्या बैठकीलाही तेच नाव पडलंय. संसदेचं कामकाज बहुतेक सोमवार ते गुरुवार चालतं, शुक्रवारी खासदार आपापल्या गावी. एखादं वाचनालय किंवा चर्चचा हॉल घ्यायचा, दोन टेबलं मांडायची. बाहेर खुर्च्यांवर माणसं बसलेली. कुणाच्या भिंतीला ओल आलीय आणि काउन्सिल दाद देत नाही, कुणाच्या बायकोचा व्हिसा अडकलाय, कुणाचा भत्ता बंद झालाय. तुमच्या मुलीसारखी केसवर्कर शेजारी बसून सगळं लिहून घेते आणि सोमवारपासून पत्रांचा मारा सुरू करते. आपल्याकडच्या आमदाराच्या संपर्क कार्यालयात चालतं तेच. फक्त तिथे चहा कमी आणि अपॉइंटमेंटची भानगड जास्त. ही सर्जरी लक्षात असू द्या, मला तिच्याकडे परत यायचंय.

करिअर म्हणायचं का, हा तुमचा प्रश्न पगाराचा असेल तर उत्तर सोपं आहे. ब्रिटिश खासदाराचा पगार एप्रिल २०२५ मध्ये वर्षाला ९३,९०४ पौंड झाला. १९११ पर्यंत एक पैसा मिळत नव्हता, म्हणून गरिबाघरचा माणूस तिथे पोचतच नसे. त्या वर्षी ४०० पौंड सुरू झाले. तेव्हा पोटाला मिळतं. पण तुमच्या यजमानांच्या मनात पगार नाहीये. ‘आपल्यातल्या कुणी असलं काही केल्याचं ऐकिवात नाही’ हे वाक्य त्यांचं आहे आणि त्याच वाक्यावर मी अडले. कारण आपल्या मुंबईच्याच एका माणसाने हे सगळं शंभर वर्षांपूर्वी करून ठेवलंय.

मी तीस वर्षं कामगारांचे खटले चालवले, बहुतेक परळ-लालबागचे. कोर्टात जाताना हाफकिन संस्थेवरून जायचे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि डॉ. हाफकिन लस बनवायला लागले, तेव्हा त्यांच्या मदतीला राबणाऱ्यांत एक बावीस-तेवीस वर्षांचा पारशी तरुण होता. शापुरजी सकलातवाला. जमशेटजी टाटांचा सख्खा भाचा. झेवियर्समध्ये शिकलेला, मामाच्या उद्योगासाठी लोखंडाची खाण शोधत रानोमाळ हिंडलेला. एवढ्या घरचा मुलगा चाळींतून प्लेगचे रोगी बघत फिरला. पुढच्या आयुष्याचं बी तिथे पडलं असावं असा माझा अंदाज आहे.

१९०५ साली तो इंग्लंडला गेला. मलेरियाने खंगला होता, हवापालट आणि मँचेस्टरला टाटांचं काम, अशी दोन्ही कारणं. डर्बिशायरमध्ये मॅटलॉक नावाचं पाण्याच्या उपचारांचं गाव आहे. तिथल्या आरोग्यधामात वाढपाचं काम करणारी सॅरा मार्श त्याला भेटली आणि १९०७ मध्ये दोघांनी लग्न केलं. टाटांचा भाचा आणि वाढपी मुलगी! तुमच्या यजमानांना हे वाचून दाखवा, म्हणजे मुलीने फक्त नोकरी बदलली याचं त्यांना बरं वाटेल.

राजकारणात तो आधी उदारमतवाद्यांच्या क्लबात जाऊन पाहून आला. मग १९०९ मध्ये इंडिपेंडंट लेबर पार्टीत गेला आणि १९२१ मध्ये कम्युनिस्ट पक्षात. १९२२ साली लंडनमधल्या नॉर्थ बॅटरसीतून मजूर पक्षाचा उमेदवार म्हणून उभा राहिला, कम्युनिस्ट पक्षाचं कार्ड खिशात ठेवूनच, आणि निवडून आला. त्याच्याआधी दोन हिंदी माणसं तिथे पोचली होती, १८९२ मध्ये दादाभाई नौरोजी आणि १८९५ मध्ये भावनगरी. दादाभाई उदारमतवादी, भावनगरी हुजूर म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे. डावा असा हा पहिलाच. तिघेही पारशी, तिघांचंही मुंबईशी नातं.

बॅटरसी आज पाहाल तर ओळखू येणार नाही. तिथल्या वीजकेंद्राचा मॉल झालाय आणि भाडी ऐकून चक्कर येते. तेव्हा ते थेम्सच्या दक्षिण काठचं कामगारांचं गाव होतं, रेल्वेचे यार्ड, गॅसचे कारखाने, आयरिश वस्ती. १९१३ साली त्यांनी जॉन आर्चर नावाच्या कृष्णवर्णीय माणसाला महापौर केलं होतं. हे आर्चर १९२२ मध्ये सकलातवालांचे निवडणूक प्रतिनिधी होते. म्हणजे लिव्हरपूलमध्ये जन्मलेला, बार्बेडोसच्या बापाचा मुलगा एका मुंबईच्या पारशासाठी बॅटरसीच्या गोऱ्या कामगारांची दारं वाजवत फिरत होता, आणि लोक मतं देत होते.

आता करिअरचा आलेख बघा, गणिताच्या बाई आहात म्हणून सांगते. १९२२ जिंकले. १९२३ हरले, १८६ मतांनी. १९२४ जिंकले, ५४२ मतांनी, आणि या वेळी उघड कम्युनिस्ट म्हणून, कारण मजूर पक्षाने कम्युनिस्टांना उमेदवारी द्यायचीच नाही असं ठरवलं होतं. १९२५ मध्ये अमेरिकेतल्या एका संसदीय परिषदेला जायचं होतं, तर अमेरिकेने व्हिसाच रद्द केला. त्याच वर्षी टाटांची नोकरी सुटली. घरी बायको आणि पाच मुलं. १९२६ च्या एक मेला हाइड पार्कात भाषण केलं, की सैनिकांनी संपकऱ्यांवर गोळी झाडू नये. चार दिवसांत अटक. चांगल्या वर्तनाचा जामीन द्या, सोडतो, असं कोर्ट म्हणालं. ते नाही म्हणाले आणि वर्मवूड स्क्रब्जच्या तुरुंगात दोन महिने काढून आले. खासदार असताना!

१९२७ च्या जानेवारीत ते हिंदुस्थानात आले. मुंबईपासून कलकत्त्या-मद्रासपर्यंत सभा झाल्या. गांधीजींना त्यांनी जाहीर पत्र लिहिलं, की लोकांकडून ‘महात्मा’ म्हणवून घेणं आणि पायाला हात लावून घेणं बंद करा, आणि चरख्याने कामगाराचं काही भलं होणार नाही. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त उत्तर दिलं. म्हणणं मानलं नाही, पण माणसाची तळमळ खरी आहे हे मोकळेपणाने लिहिलं. असं भांडण आता वाचायला मिळत नाही. असो. त्या दौऱ्यानंतर सरकारने त्यांना भारतात यायची बंदी केली. १९२९ मध्ये मजूर पक्षाचंच सरकार आलं, तरी ती उठली नाही. १६ जानेवारी १९३६ रोजी लंडनमध्येच गेले. मुंबई पुन्हा दिसली नाही.

हे तुमच्यापासून लपवून उपयोग नाही. आईला ‘परत येईल का’ हा प्रश्न पडतो आणि त्या माणसाला परत येऊ दिलं नव्हतं. पण ती बंदी परक्या राजवटीने घातली होती, तुमच्या मुलीवर तशी वेळ यायचं काही कारण नाही. पासपोर्टचंही ह्यांना सांगा: राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना, म्हणजे आपल्यालाही, तिथे कायमच्या वास्तव्याची परवानगी असली की भारतीय पासपोर्टवर खासदारकीला उभं राहता येतं. तिने पासपोर्ट बदलला तर तो इतर कशासाठी बदलेल, निवडणुकीवर त्याचं खापर नको.

आणि देवधर्माचं. तुरुंगातून सुटून आल्यावर दुसऱ्याच वर्षी या कम्युनिस्ट खासदाराने लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये आपल्या मुलांचा नवजोत केला, आपल्याकडच्या मुंजीसारखा पारशांचा विधी. सदरा, कस्ती, प्रार्थना, सगळं यथासांग. पक्षाने जाहीर कानउघाडणी केली. त्यांनी ऐकून घेतली आणि कामाला लागले. लाल बावट्याच्या घरी काय सुटतं आणि काय टिकतं हे बाहेरून सांगता येत नाही. तुमच्या मुलीने गणपती बसवला की नाही हे तुम्ही विचारलं तरी आहे का?

मला सकलातवालांचं एक पटत नाही, ते तुमच्या मुलीच्या कामाचं आहे म्हणून सांगते. १९२२ मध्ये त्यांच्यामागे अख्खं बॅटरसी होतं. कामगार संघटना, मजूर पक्षाची स्थानिक शाखा, आयरिश लोक, आर्चर. पुढे वरून दोन्हीकडून करवत फिरली. मजूर पक्षाने कम्युनिस्टांशी संबंध ठेवणाऱ्या शाखा बाहेर काढल्या, आणि कम्युनिस्ट पक्षाने मजूर पक्षालाच शत्रू ठरवायचं नवं धोरण आणलं. ते धोरण सकलातवालांनीही डोक्यावर घेतलं. १९२९ मध्ये मजूर पक्षाने समोर उमेदवार दिला, आणि त्या उमेदवाराचा निवडणूक प्रतिनिधी कोण? तेच जॉन आर्चर. सकलातवाला पडले, पुन्हा कधी निवडून आले नाहीत. तुरुंगाने जे बिघडलं नव्हतं ते या फाटाफुटीने बिघडलं. मी गिरणी संपानंतरच्या युनियनी पाहिल्यात. शेजारच्या टेबलावरचा माणूस शत्रू वाटायला लागला की पहिली जाते ती गल्ली, मग बाकीचं.

आता ‘जन्मभर विरोधात ओरडत बसतात’ याकडे येते. तुमचे यजमान कऱ्हाडचे, यशवंतरावांच्या गावचे, त्यांना राजकारण मी काय शिकवणार? पण आपल्या आणि तिकडच्या पद्धतीत एक फरक आहे, तो बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. व्हिप हा शब्द आपल्याला गेल्या काही वर्षांत पाठ झालाय. आपल्याकडे १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे. व्हिप मोडून मतदान केलं तर आमदारकी-खासदारकी जाऊ शकते. ब्रिटनमध्ये असा कायदा नाही. तिथे पक्ष आठवड्याला खासदारांना कागद पाठवतो, महत्त्वाच्या मतदानाखाली रेघा ओढलेल्या असतात. तीन रेघा म्हणजे यायचंच आणि पक्ष सांगेल तसंच मत द्यायचं. मोडलं तर पक्ष तुम्हाला आपल्या गटातून काढेल, पण बाक तुमचाच राहतो. मतदारांनी दिलेली जागा पक्षाला काढून घेता येत नाही.

अगदी अलीकडचं उदाहरण. सरकारी मदत घरातल्या पहिल्या दोनच मुलांपुरती, अशी एक मर्यादा तिथे २०१७ पासून होती. जुलै २०२४ मध्ये मजूर पक्षाचं नवं सरकार आलं आणि तीनच आठवड्यांत ती मर्यादा काढा अशी सूचना सभागृहात आली. स्वतःच्याच पक्षाच्या सात खासदारांनी व्हिप मोडून तिच्या बाजूने मत दिलं. सूचना ३६३ विरुद्ध १०३ अशी पडली आणि त्या सातही जणांना सहा महिन्यांसाठी गटाबाहेर बसवलं. पुढच्या वर्षी नोव्हेंबरच्या अर्थसंकल्पात त्याच सरकारने ती मर्यादा रद्द करायचं जाहीर केलं. त्या सातांपैकी कुणाला त्याबद्दल हार घातल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. या कामाचा पगार असाच मिळतो, बाई. काम झालं तर दुसऱ्याच्या नावावर होतं.

जेरेमी कॉर्बिन हे नाव मुलीच्या तोंडून तुम्ही ऐकलं असेलच. १९८३ पासून उत्तर लंडनच्या इस्लिंग्टन नॉर्थचे खासदार. १९९७ ते २०१० या काळात त्यांच्याच पक्षाचं सरकार होतं, आणि त्यांनी चारशेहून जास्त वेळा व्हिप मोडला. आपल्याकडे पहिल्याच वेळी घरी बसले असते. बत्तीस वर्षं मागच्या बाकावर काढली आणि २०१५ मध्ये अचानक सगळ्यांना चकित करून पक्षाचे नेते झाले. २०१७ ची निवडणूक बऱ्यापैकी लढवली, २०१९ ची वाईट हरले, २०२ जागांवर आले. पक्षातल्या ज्यूद्वेषाच्या तक्रारींची चौकशी झाली, त्या अहवालावर त्यांनी दिलेल्या प्रतिक्रियेवरून निलंबन झालं. नेता म्हणून त्यांच्या चुका डोंगराएवढ्या होत्या असं मानणारे डाव्यांतही खूप आहेत, आणि मी त्यांना खोटं म्हणणार नाही. पण २०२४ मध्ये पक्षाने तिकीट नाकारलं, ते अपक्ष उभे राहिले, पक्षाने हाकललं, समोर अधिकृत उमेदवार दिला. निकाल: कॉर्बिन ७,२४७ मतांनी विजयी. अख्ख्या देशात मजूर पक्षाची लाट असताना!

का? लोकांना त्यांची सगळी मतं पटत होती म्हणून नव्हे. एकेचाळीस वर्षांत त्या मतदारसंघातल्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी त्यांच्या टेबलासमोर कागदाची पिशवी घेऊन बसलेलं होतं. सकलातवालांच्या हातून जे सुटलं, ते यांनी धरून ठेवलं. ती शुक्रवारची सर्जरी, बाई, जिच्या नावाने तुमच्या पोटात गोळा आला, तीच डाव्या खासदाराची मुदत ठेव.

मजूर पक्षातल्याच डाव्या टोनी बेन यांची गोष्ट तर मी माझ्या ज्युनिअर वकिलांना हमखास सांगायचे. मघाशी १९२९ च्या सरकारचा उल्लेख आला. त्या सरकारचे भारतमंत्री विल्यम वेजवुड बेन हे यांचे वडील. वडिलांना पुढे सरदारकी मिळाली, आणि १९६० मध्ये ते वारले तशी ती वारशाने मुलाच्या गळ्यात पडली. सरदार झाला की कॉमन्समध्ये, म्हणजे लोकांनी निवडलेल्या सभागृहात, बसता येत नाही. ब्रिस्टलचे निवडून आलेले खासदार बेन, त्यांना दारातच अडवलं. १९६१ मध्ये पोटनिवडणूक झाली, अपात्र असूनही ते उभे राहिले आणि ब्रिस्टलकरांनी त्यांनाच निवडून दिलं. कोर्टाने जागा हरलेल्या हुजूर उमेदवाराला दिली. १९६३ मध्ये कायदा बदलला, तशी त्याच दिवशी त्यांनी सरदारकी सोडून दिली आणि महिन्याभरात निवडून आले. आपल्याकडे पदव्या चिकटवून घेण्यासाठी खटपट चालते, या माणसाने ती काढून टाकण्यासाठी अडीच वर्षं घालवली.

बेन मंत्री झाले, पोस्टाचे, तंत्रज्ञानाचे, उद्योगाचे, ऊर्जेचे. १९८१ मध्ये पक्षाच्या उपनेतेपदाची निवडणूक एक टक्क्याहूनही कमी फरकाने हरले. १९८३ मध्ये ब्रिस्टलही हातून गेलं, पुढच्या वर्षी चेस्टरफील्डमधून परतले. २००१ साली निवृत्त होताना म्हणाले, संसद सोडतोय, म्हणजे राजकारणाला जास्त वेळ देता येईल. पण मला त्यांचं सगळ्यात आवडतं काम मंत्रिपदाचं नाही. १९११ च्या जनगणनेच्या रात्री एमिली डेव्हिसन नावाची मताधिकारासाठी लढणारी बाई संसदेतल्या एका झाडू ठेवायच्या खोलीत लपून बसली होती, म्हणजे पत्ता म्हणून ‘हाऊस ऑफ कॉमन्स’ लागावा. तिच्या आठवणीची पाटी बेन यांनी स्वतः स्क्रू पिळून त्या खोलीच्या दारामागे लावली. खासदार माणूस, हातात स्क्रू ड्रायव्हर!

मुलगा हिलरी बेन मात्र पक्षाच्या मधल्या वाटेने गेला. २०१६ मध्ये कॉर्बिननी त्याला आपल्या चमूतून काढून टाकलं आणि २०२४ मध्ये तो पुन्हा मंत्री झाला. बापलेकाची मतं जुळली नाहीत म्हणून घर मोडलं, असं काही झालं नाही. यजमानांसाठी हा परिच्छेद वेगळा कापून ठेवा.

तर परत बोलवायचं का? नाही. बोलावून येणारी असती तर तिने तुम्हाला उभं राहायचं सांगितलंच नसतं. अर्ज भरून मग कळवलं असतं. ती अजून सांगतेय, यातच तुमचा वाव आहे. ‘नोकरी का सोडलीस’ हा प्रश्न जुना झाला, तो बाजूला ठेवा. तिला विचारा, उभी कुठून राहणार? जिथे पक्ष पाठवेल तिथून, की जिथे ती राहते, जिथली माणसं तिला नावाने ओळखतात तिथून? तिच्या गटाबाहेरची, तिच्याशी वाद घालणारी किती माणसं तिच्यासाठी पत्रकं वाटायला येतील? हा आर्चरचा प्रश्न आहे. पैशाचंही विचारा, न लाजता. निवडणुकीची अनामत फक्त ५०० पौंड, ती पाच टक्के मतं मिळाली की परत मिळते. खरा खर्च त्याआधीच्या महिन्यांचा, पक्षाची उमेदवारी मिळवायची धावपळ, अर्धा पगार, लंडनचं भाडं. किती महिन्यांची तजवीज आहे, आणि पडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी काय करणार, याचं उत्तर तिच्याकडे हवं. पडायची शक्यता मोठी आहे, हेही तिला ठाऊक हवं. नसेल ठाऊक तर मी म्हणेन, अजून दोन वर्षं सर्जरीतच बस.

आणि एक गोष्ट तिने तुम्हाला सांगितली नसेल. १६ जून २०१६ रोजी जो कॉक्स या मजूर पक्षाच्या खासदार यॉर्कशायरमधल्या बर्स्टल गावी आपल्या सर्जरीला चालल्या होत्या. वाचनालयाच्या बाहेर त्यांचा खून झाला. दोन लहान मुलांची आई. ऑक्टोबर २०२१ मध्ये हुजूर पक्षाचे डेव्हिड एमेस चर्चमध्ये सर्जरी घेत असताना मारले गेले. घाबरवायला सांगत नाही. तुमच्या पोटात जो गोळा आला तो शब्दाच्या घोटाळ्याने आला, पण तो अगदीच अस्थानी नव्हता एवढंच. त्यानंतर तिकडे खासदारांच्या बंदोबस्ताची बरीच काळजी घेतात. तरी आई म्हणून तुम्ही विचारू शकता: तू एकटी बसतेस का, दाराशी कोण असतं, रात्री घरी कशी जातेस. यात राजकारण नाही, आणि यजमानांनाही हे प्रश्न विचारता येतील. त्यांनी बोलणं टाकलंय ना? सुरुवात याने करू द्या.

काही वर्षांपूर्वी मी भाच्याकडे लंडनला गेले होते, तेव्हा वॉटर्लूवरून गाडी पकडून ब्रुकवुडला गेले. तिथे पारशांची दफनभूमी आहे. जमशेटजी टाटांची भारदस्त समाधी आहे आणि शापुरजींनाही तिथेच जागा मिळाली आहे. कारखानदार मामा आणि कम्युनिस्ट भाचा, एकाच कुंपणात. पाऊस भुरभुरत होता, भाचा म्हणाला, मावशी, चल आता, गाडी चुकेल. मी थोडा वेळ थांबले.

तुमचा फोन कधी असतो, शनिवारी सकाळी ना? या शनिवारी ‘जेवलीस का’ झाल्यावर तिला एवढंच विचारा, काल कोण कोण आलं होतं. नावं ती सांगणार नाही, सांगायचीही नसतात. पण ओल आलेल्या भिंतीचं सांगेल, अडकलेल्या व्हिसाचं सांगेल. तुम्ही पस्तीस वर्षं पालकांची गाऱ्हाणी ऐकली आहेत, तुम्हाला दोन गोष्टी सुचतील. त्या तिला सांगा. आणि फोन स्पीकरवर ठेवा, हे पेपर वाचत बसलेले असतील तिथे.